तीन कॉर्ड आणि सात सूर: साधी गाणी वाजवण्यापुरती थिअरी

कीबोर्ड घेतल्यावर पहिलं वर्षभर मी गाणी नुसती पाठ केली. व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, बोट कुठे पडतंय ते बघायचं, तसं आपण टाकायचं आणि मग पुढचा तुकडा. अशी चार-पाच गाणी बसली होती आणि छान वाटायचं. मग एकदा एक मैत्रीण सोबत गायला बसली आणि पहिल्याच ओळीला म्हणाली, अरे एवढं वर नाही जात माझा आवाज, जरा खालच्या पट्टीत घे ना. तिथे माझे हात थांबले. कारण मला बटणांचा क्रम पाठ होता, गाणं कुठल्या सुरावरून कुठल्या सुरावर जातंय हे कधी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर थिअरी शिकायला घेतली तेव्हा कळलं की साध्या गाण्यांना लागणारी थिअरी खरंच थोडी आहे, पण ती शिकायची ती गाणं हातात धरूनच. आधी पूर्ण थिअरी आणि मग गाणी, असं केलं की दोन आठवड्यांत कंटाळा येतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते वाद्य समोर ठेवून वाचा, प्रत्येक पायरीला वाजवून बघा. मी कीबोर्ड धरून सांगतोय, हार्मोनियमला पट्ट्या त्याच असतात, आणि गिटारवाल्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे वेगळं लिहिलंय.

आधी पट्ट्या ओळखा

काळ्या पट्ट्या बघा, त्या दोन आणि तीनच्या घोळक्यात असतात. दोनच्या घोळक्याच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी. तिथून उजवीकडे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी आणि पुन्हा सी. गाणारी मंडळी पांढरी एक, पांढरी चार, काळी दोन असं म्हणतात, तीही हीच मोजणी आहे, म्हणजे सी ही पांढरी एक, एफ ही पांढरी चार, जी ही पांढरी पाच आणि सी शार्प (सी च्या लगेच उजवीकडची काळी) ही काळी एक. दोन्ही नावं माहीत असू द्या, गाणारा एका भाषेत बोलतो आणि कॉर्डचा (एकत्र दाबायच्या सुरांचा) कागद दुसऱ्या.

एका सी पासून पुढच्या सी पर्यंत ७ पांढऱ्या आणि ५ काळ्या, एकूण १२ पट्ट्या होतात आणि मग नावं परत सुरू. परत तीच नावं का, तर वरचा सूर बरोब्बर दुप्पट वेगाने कंप पावतो. मधला ए ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंप) लावतात, त्याच्या वरचा ए ८८० ला. कानाला ते एकाच सुराचं लहान आणि मोठं रूप वाटतं.

शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे अर्धा सूर, मग शेजारी काळी असो की पांढरी. दोन पट्ट्या म्हणजे एक पूर्ण सूर. ई आणि एफ च्या मध्ये काळी नाही, बी आणि सी च्या मध्येही नाही, म्हणून तिथे पांढरी ते पांढरी अर्धाच सूर आहे. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्केल म्हणजे अंतरांचा साचा

सी पासून सगळ्या पांढऱ्या वाजवल्या की सा रे ग म प ध नि सां (सां म्हणजे वरचा सा) मिळतं, यालाच मेजर स्केल म्हणतात. आता त्यातली अंतरं अर्ध्या सुरांत मोजा: २, २, १, २, २, २, १. हा साचा कुठल्याही पट्टीवर ठेवा, तिथलं सारेगम मिळणार.

करूनच बघा. सा जी वर धरा. दोन पुढे ए, दोन पुढे बी, एक पुढे सी, दोन पुढे डी, दोन पुढे ई, आणि आता दोन पुढे एफ येत नाही, एफ शार्प येतो, म्हणजे काळी. मग एक पुढे जी. चुकून पांढरा एफ वाजवला तर कान लगेच सांगतो की शेवटून दुसरी पायरी खचली आहे. असंच एफ पासून सुरू केलंत तर चौथा सूर बी नाही, बी फ्लॅट (बी च्या लगेच डावीकडची काळी) येतो. सगळ्या १२ स्केल पाठ करायच्या मागे आत्ता लागू नका. सी, जी आणि एफ पुरे, बाकीच्या लागतील तशा साचा मोजून काढता येतात.

उजव्या हाताची बोटं अशी: अंगठा १, तर्जनी २ आणि करंगळी ५. सी स्केल वाजवताना १ २ ३ आणि मग अंगठा हाताखालून घेऊन परत १ २ ३ ४ ५. अंगठा खालून न्यायची सवय पहिल्या आठवड्यातच लावा, नंतर ती लावणं फार जड जातं.

आता गाणं घ्या, आणि आधी गळ्याने म्हणा

उदाहरणाला ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार घेतो, कारण ती चाल सगळ्यांच्या कानात आहे, एबीसीडी पण त्याच चालीत म्हणतात. पहिली ओळ सुरांत अशी:

सा सा प प | ध ध प – | म म ग ग | रे रे सा –

मधली ओळ, दोनदा:

प प म म | ग ग रे –

आणि मग पहिली ओळ परत. संपलं गाणं.

पण हे वाचून वाजवण्याआधी एक करा, सी दाबून धरा, तो सूर सा म्हणून गळ्यात घ्या आणि ओळ गाऊन बघा. दुसरा शब्द वर उडी मारतो ना, ती सा ते प ची उडी, ७ अर्धे सूर. पट्टीवर शोधताना ही उडी कानाने सापडली पाहिजे. एकदा सा ते प ओळखू यायला लागलं की पुढच्या दहा गाण्यांत तेच अंतर दिसतं आणि अंदाज बरोबर यायला लागतात. चाल कागदावर उतरवायचीच असेल तर सी सी जी जी असं न लिहिता सा सा प प असं लिहा. अक्षरं एका पट्टीला बांधलेली असतात, सारेगम कुठल्याही पट्टीत चालतं.

दुसऱ्या कुठल्या गाण्याचा सा सापडत नसेल तर शेवटची ओळ गुणगुणा आणि ती जिथे विसावते तो सूर पट्टीवर शोधा. बहुतेक साधी गाणी सा वर येऊन संपतात. पहिल्या सुरावर मात्र भरवसा ठेवू नका. हॅपी बर्थडे प वर सुरू होतं आणि सा वर संपतं, तिथे पहिल्या सुराला सा धरलं की पुढचं काहीच जुळत नाही, आणि ही चूक सुरुवातीला फार जण करतात.

ताल, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग

सूर चुकला तर ऐकणारा एकवेळ सोडून देतो, पण लय अडखळली की गाणं गाणं राहत नाही. म्हणून पट्टीला हात लावायच्या आधी मांडीवर थाप देत गाणं म्हणा. ट्विंकल मध्ये चार-चारचे गट आहेत: १ २ ३ ४, १ २ ३ ४, आणि प्रत्येक गटातल्या १ वर जोर. एक गट म्हणजे एक बार, वर मी उभी रेघ मारली आहे ती बार वेगळे करायलाच. "ध ध प –" मधली आडवी रेघ म्हणजे प दोन मात्रा (ठोके) धरायचा. नवशिके तिथेच घाई करतात, एक मात्रा खातात आणि पुढची ओळ आधीच सुरू करतात.

हॅपी बर्थडे तीनच्या चालीत आहे, १ २ ३, १ २ ३. शिवाय "हॅपी" हा शब्द १ वर येतच नाही, तो आधीच्या बारच्या ३ वर येतो आणि जोर पडतो "बर्थ" वर. थाप देऊन बघितलं की लगेच कळतं. गाणं चारचं की तीनचं हे न ओळखता डावा हात जोडायला घेतला तर तो कधीच बसत नाही.

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. ६० वर सलग तीन वेळा न थांबता आलं तर ६६, मग ७२. फार हळू वाटतं, माहीत आहे, पण थांबून थांबून पटकन वाजवण्यापेक्षा न थांबता हळू वाजवणं कधीही चांगलं. आणि चूक झाली तर मागे जाऊ नका, पुढच्या १ वर येऊन मिळा. सोबत वाजवताना हीच सवय कामाला येते, गाणारा आपल्यासाठी थांबत नाही.

तीन कॉर्ड

या पायरीवर मला स्वतःला पहिल्यांदा थिअरीचा उपयोग दिसला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कॉर्ड म्हणजे तीन सूर एकत्र, आणि साधी कॉर्ड बनते एक सोडून एक सूर घेऊन. सा पासून सुरू केलं तर सा ग प. म पासून म ध सा. प पासून प नि रे. सी स्केलमध्ये यांची नावं सी, एफ आणि जी, आणि स्केलच्या पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या सुरावर उभ्या म्हणून यांना एक, चार, पाच असंही म्हणतात.

आता या तिन्ही समोरासमोर ठेवून बघा:

एक (सी): सा ग प
चार (एफ): म ध सा
पाच (जी): प नि रे

सातही सूर आले! एकही सुटला नाही. म्हणजे मेजर स्केलमधल्या साध्या चालीत कुठलाही सूर आला तरी त्याला सामावून घेणारी कॉर्ड या तिघींत असतेच. म्हणून तर इतकी गाणी तीन कॉर्डवर निभावतात. आणि अजून बघा, सा दोन कॉर्डमध्ये आहे, प दोन कॉर्डमध्ये आहे, बाकीचे पाच एकेकीतच. म्हणजे ग आला तर सी, रे किंवा नि आला तर जी, म किंवा ध आला तर एफ, फक्त सा आणि प ला कानाने ठरवायचं.

आता ट्विंकलला लावा. पहिला बार सा सा प प, दोन्ही सूर सी मध्ये, सी लावा. दुसरा बार, ध ला एफ आणि मग प ला सी. तिसऱ्यात म ला एफ, ग ला सी. चौथ्यात रे ला जी आणि सा ला सी. मधल्या ओळीत प ला सी, म ला एफ, ग ला सी, रे ला जी. झालं, पूर्ण गाण्याच्या कॉर्ड आपण स्वतः काढल्या, कुठेही शोधायला गेलो नाही.

पण हा नियम डोळे मिटून लावायचा नाही. हॅपी बर्थडेच्या पहिल्या बारमध्ये जोर ध वर येतो. वरच्या हिशोबाने तिथे एफ हवी, वाजवून बघा, आणि मग सी वाजवून बघा. कान सी मागतो. कारण ध तिथे एकच मात्रा येऊन जातो आणि पुढचे दोन्ही सूर, प आणि सां, सी मधले आहेत. म्हणजे एकट्या सुराकडे न बघता पूर्ण बारमध्ये बहुमत कुणाचं आहे ते बघायचं, आणि शेवटचा निकाल कानाचा.

डावा हात कमी पळवा

नवशिके सी वरून एफ वर जाताना अख्खा हात उचलून नेतात, बघतात, ठेवतात, तोवर ताल गेलेला असतो. पण कॉर्डमधले सूर कुठल्याही क्रमाने मांडले तरी कॉर्ड तीच राहते. मग जवळची मांडणी घ्या ना. सी म्हणजे सी ई जी. एफ साठी एफ ए सी असं नवं घर शोधण्याऐवजी सी एफ ए धरा, म्हणजे सी तसाच राहिला, ई एक पट्टी सरकून एफ झाला आणि जी दोन पट्ट्या सरकून ए. जी साठी बी डी जी धरा, म्हणजे वरचा जी तसाच, सी एक पट्टी खाली बी आणि ई दोन पट्ट्या खाली डी. हात जागेवरून हलतच नाही, बोटं तेवढी सरकतात.

रोज पाच मिनिटं फक्त एवढंच करा: सी, एफ, सी, जी, सी, प्रत्येक कॉर्ड चार मात्रा, मेट्रोनोमवर, पट्ट्यांकडे न बघता. ते जमलं की मगच उजव्या हाताची चाल जोडा. सुरुवातीला डाव्या हाताने कॉर्ड बदलते तिथेच एकदा दाबा आणि धरून ठेवा, ठेक्याच्या करामती नंतर. तीनच्या गाण्यात पुढे १ वर खालचा एकटा सूर आणि २, ३ वर वरचे दोन सूर असं केलं की छान झुलायला लागतं.

दोन्ही हात एकत्र करताना अख्खं गाणं घेऊ नका. दोन बार घ्या, ते दहा वेळा, मग पुढचे दोन, मग चारही.

पट्टी बदलायची

आता माझ्या मैत्रिणीची गोष्ट. तिला गाणं जी मध्ये हवं असेल तर काय? चाल सारेगममध्ये लिहिलेली आहे, कॉर्ड एक, चार, पाच अशा आकड्यांत आहेत. जी चा सारेगम आपण वर मोजून काढलाच: जी ए बी सी डी ई आणि एफ शार्प. सा सा प प ध ध प म्हणजे जी जी डी डी ई ई डी. एक, चार, पाच म्हणजे जी, सी, डी. बस. डी कॉर्डमध्ये मधला सूर एफ शार्प येतो तेवढं सांभाळा. एफ मध्ये हवं असेल तर एक, चार, पाच म्हणजे एफ, बी फ्लॅट, सी.

बहुतेक कीबोर्डला ट्रान्सपोजचं (आपोआप पट्टी बदलून देणारं) बटण असतं आणि घाईच्या वेळी ते वापरायला काहीच हरकत नाही, पण शिकताना एक गाणं तरी तीन पट्ट्यांत हाताने वाजवा. त्या एका गाण्याने जेवढं समजतं तेवढं पाच नवी गाणी पाठ करून समजत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

गिटारवाल्यांनो, तुम्ही सी पासून सुरू करू नका. सी मध्ये एफ लागते आणि पूर्ण एफ ला पहिल्या फ्रेटवर एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, नवीन बोटांना ते सोसत नाही आणि लोक तिथेच सोडून देतात. जी पासून सुरू करा, जी, सी, डी तिन्ही मोकळ्या तारांच्या कॉर्ड आहेत. पट्टी बदलायला कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आहे, प्रत्येक फ्रेटला अर्धा सूर वर. म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून जी चेच आकार धरले की आवाज ए चा येतो.

तीन कॉर्ड जमल्यावर

पुढची चौथी कॉर्ड ए मायनर घ्या, ए सी ई, म्हणजे ध सा ग. सी शी तिचे दोन सूर सारखे आहेत, म्हणून जिथे सी लावून लावून कंटाळा आला तिथे ए मायनर टाकून बघा, ओळीचा रंग बदलतो. मेजर आणि मायनरमधला फरक हातानेच समजून घ्या: सी ई जी दाबा, मग ई सोडून त्याच्या डावीकडची काळी दाबा. एकच सूर, तोही फक्त अर्धा खाली आला, म्हणजे शुद्ध ग चा कोमल ग झाला, आणि सगळी कॉर्ड उदास झाली. कुठल्या गाण्याचा सा सापडूनही शुद्ध ग बेसूर वाटत असेल तर कोमल ग लावून बघा, बहुतेक ते गाणं मायनरचं निघतं.

आणि जी कॉर्डमध्ये वर एक एफ जोडा, जी बी डी एफ, ही जी सेव्हन. दाबून थांबा जरा. पुढे सी यावी असं आतून वाटतं की नाही? त्यातला नि अर्धा सूर वर सरकून सा व्हायला बघतो आणि म अर्धा सूर खाली उतरून ग व्हायला. गाण्याच्या शेवटाला, सा वर यायच्या आधी, ही कॉर्ड लावली की ओळ नीट घरी येते. ट्विंकलच्या चौथ्या बारमध्ये रे रे वर साध्या जी च्या जागी हीच लावून बघा, मग साधी जी परत लावून बघा, आणि दोघींतली कानाला पटेल ती ठेवा.